भाईंच्या नावावर शिवाचे ठोके

भाई मयेकरांच्या मुलीने त्यांना मुंबईहून घड्याळ पाठवलं. त्यात वेळ सोडून बाकी सगळं होतं. म्हणजे वेळही होती, पण कचेरीत शिपायाला बसवतात तशी एका कोपऱ्यात. मधली प्रशस्त जागा पावलं, झोप आणि काळजाचे ठोके यांनी अडवली होती. घड्याळाच्या पाठीला एक हिरवा दिवा होता. तो कातडीतून आत रक्ताकडे बघत बसतो आणि जे दिसेल ते फोनला कळवतो, असं दीपिकाने समजावून सांगितलं.

"आणि बाबा, तुमच्या फोनवरून ते माझ्या फोनवर येतं. मला इथं बसून सगळं दिसतं."

ती हे फार प्रेमाने म्हणाली. भाईंना त्या रात्री झोप लागली नाही, आणि ते दीपिकाला सकाळी दिसलं.

भाई बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. स्वतः खुर्चीत बसून दुसऱ्यांना रवाना करण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर रवाना करायला कुणी उरलं नाही, खुर्ची तेवढी राहिली. ती त्यांनी तोंडवळीच्या घराच्या पडवीत मांडली. मे महिन्यात डॉक्टरांनी रक्तदाब बघून रोज चालायला सांगितलं. भाई "हो" म्हणाले. प्रवाशांनाही ते नेहमी "हो, येईलच आता" असंच म्हणत.

घड्याळाला मात्र "हो" म्हणून भागत नव्हतं. बराच वेळ बसलं की ते मनगटावर थरथरायचं: उठा, जरा चाला. भाई उठायचे, आतून पाण्याचा तांब्या आणायचे आणि बसायचे. संध्याकाळी दीपिकाचा फोन यायचा.

"बाबा, आज तुम्ही दिवसभरात विहिरीपर्यंत तरी गेलात का?"

"गेलंय गो."

"नाही गेलात. मला दिसतंय."

जन्मात पहिल्यांदाच भाईंची घोषणा कुणीतरी जागेवर पडताळून बघत होतं. पोटच्या मुलीपुढे आळशी ठरल्याची त्यांना लाज वाटली. या लाजेवर दोन उपाय होते. पहिला चालण्याचा. भाईंनी दुसरा निवडला.

त्यांच्या घरामागे माडांची रांग, आणि माडांच्या पलीकडे किनारा. पावसाळा सरला की तिथे रापण लागते. होडीने मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढत ओढत ते वाळूवर घ्यायचं. या कामाचा एक जुना नियम आहे. दोराला ज्याने हात लावला, त्याला मासळीत वाटा. मग तो रापणकर असो, पाहुणा असो, नाहीतर नुकतं चालायला लागलेलं पोर असो. हात किती जोराने लावला हे कुणी बघत नाही.

भाई हा नियम काटेकोरपणे पाळत. जाळं अगदी उथळ पाण्यात आलं की ते पिशवी घेऊन माडाखालून उठत आणि दोराच्या शेपटाला हात लावत. रापणकरांमध्ये त्यावरून हाळी पडायची, "भाईन हात लावल्यान रे! आता जाळा आपसूक भायर येतला!" भाई हसायचे. बांगडे पिशवीत पडायचे.

दोराच्या पुढच्या टोकाला असायचा शिवा केळुसकर. भाईंहून वयाने बराच धाकटा, मान बैलासारखी, आवाज होडीवरून किनाऱ्यापर्यंत पोचणारा. एका सकाळी भाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"शिवा, वायच ह्या घाल हातात."

"काय ह्या?"

"घड्याळ. दर्याच्या पाण्यात टिकता काय बघूचा हा."

"माका वेळ बघूची नाय भाई. भूक लागली की माका कळता."

"वेळ बघू नको. नुसता घाल."

त्या संध्याकाळी दीपिकाचा फोन आला तेव्हा ती आनंदाने जवळजवळ ओरडली. "बाबा! आज काय केलंत तुम्ही?"

"काय नाय गो," भाई म्हणाले. "रापण लागली होती, वायच हात लावलंय."

हे वाक्य, नीट पाहिलं तर, खरं होतं.

मग तो शिरस्ताच झाला. सकाळी घड्याळ शिवाच्या मनगटावर चढायचं. पहिले काही दिवस भाई ते दुपारी परत आणायचे. पण त्यासाठी पुन्हा किनाऱ्यापर्यंत चालावं लागे, आणि चालायला लागू नये म्हणून तर हे सगळं चाललं होतं. तेव्हा घड्याळ दिवसभर शिवाकडेच राहू लागलं. तो दुपारी जाळी ठेवायच्या मांगरात जाळं शिवत बसे, तिथेच आडवा होई, आणि तिन्हीसांजेला घरी जाता जाता घड्याळ मयेकरांच्या पडवीत ठेवून जाई. फोन जवळ आला की घड्याळ दिवसभराचं सगळं त्याला सांगून टाकायचं.

दीपिकाने ते आकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. खाली टाळ्यांची चित्रं आली. पुण्याच्या एका साडूने स्वतः जिमला नाव घातल्याचं कळवलं. तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाने भाईंना बोलावून शाल दिली आणि 'साठीनंतरचं काळीज' या विषयावर बोलायला लावलं. भाई छान बोलले. दोर ओढताना श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा हेही त्यांनी सांगितलं. माडाखाली बसून त्यांनी ते पुष्कळ वेळा पाहिलं होतं.

त्यांची बायको विमला हे सगळं पाहत होती. तिने एकदाच विचारलं, "हात उघडो कसो तुमचो?" आणि उत्तराची वाट न बघता बांगडे धुवायला घेतले. शिवा हल्ली वाट्यात एखादा मोठा मासा जास्त घालायचा. तिला तो चालला होता, त्यामुळे पुढे विचारायचा हक्क आपल्याला कितपत उरलाय याची तिला खात्री नव्हती.

"भाई, ह्या घड्याळ गुदगुले करता," शिवा एका संध्याकाळी घड्याळ ठेवता ठेवता म्हणाला. "दुपारी मांगरात पडलंय की हळूच थरथरता. वर कायतरी विंग्रजीत लिवन येता."

"ता तुका ऊठ म्हणता," भाईंनी अनुभवाचं सांगितलं. "माकाय म्हणायचा. लक्ष देव नको."

शिवाने लक्ष दिलं नाही. भाईंच्या फोनवरही लाल अक्षरांत इंग्रजी काहीतरी येत होतं. ते जाहिरात समजून अंगठ्याने बाजूला सारत.

दीपिकाचा फोन आला तेव्हा विमला तुळशीपुढे दिवा लावून नुकती आत येत होती.

"बाबा, शांतपणे ऐका. बसला आहात ना?"

बसलेच होते.

"तुमचे ठोके बेताल पडताहेत. मी कामात होते, मला आज बघायला मिळालं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आलंय. तुम्ही स्वस्थ असता तेव्हाच ते नीट तपासतं, आणि नेमकं दुपारी तुम्ही झोपता तेव्हा आलंय. घड्याळ डॉक्टर नाही, त्याला नुसता संशय आहे. पण मी इथं डॉक्टरांना विचारून आले. काळजाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. मग आत रक्त साकळतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली तर माणूस उभ्याचा आडवा होतो. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतंय," भाई म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"मी परवा सकाळी पोचते. उद्याचं तिकीट मिळत नाही. कणकवलीच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. शेजारच्या प्रीतमला फोन करून गाडी सांगून ठेवलीय. तोवर रापणीला जायचं नाही. शपथ आहे."

भाईंनी फोन ठेवला आणि छातीवर हात ठेवला. आतून धडधड ऐकू आली. धड, मग धडधड, मग जरा वेळ काहीच नाही.

"विमला! अगो विमला! पाय थंड पडतत माझे!"

विमलाने त्यांना खाटेवर निजवलं, तळपायांना खोबरेल चोळलं, पंख्याने वारा घातला. भाईंनी डोळे मिटून शाल कुणाला द्यायची ते सांगितलं. कपाटाची किल्ली कुठे असते तेही सांगितलं. ती विमलाच्याच कमरेला असायची. दीपिकाला म्हणावं, बाप शेवटपर्यंत... आणि इथे त्यांना पुढचं सुचेना.

वारा घालता घालता विमलाचा हात थांबला.

"मी काय म्हणतंय," ती म्हणाली, "ह्या दुपारचा म्हणता ना ता?"

"व्हय गो. निजल्यावरचा."

"मगे दुपारी घड्याळ खंय असता?"

भाईंनी डोळे उघडले. वर कौलांकडे पाहिलं. छातीतली धडधड थांबली. पाय गरम झाले. अंगातून काहीतरी जड उतरून गेलं आणि इतकं हलकं वाटलं, की ते खाटेवर उठून बसले.

"वायच चाय टाक गो," ते म्हणाले.

विमला त्यांच्याकडे बघत राहिली. मग चुलीकडे गेली. चहा आला. भाईंनी बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"आणि शिवाचा काय?" विमलाने विचारलं.

दुसरा घोट न घेताच बशी त्यांनी खाली ठेवली. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"फोन करा चेडवाक."

"करतंय."

फोन हातात घेतला. दीपिकाचं नाव काढलं. तिच्या नावाशेजारी तिने त्यांचाच शाल घेतलेला फोटो लावला होता.

"आधी शिवाक सांगतंय," भाई म्हणाले. "ज्याचा काळीज तेका आधी. ता बरा दिसता."

"सांगतल्यात मा? नायतर मी सांगतंय."

"मीच सांगतंय. माका सांगूंदे."

विमलाने सांगू दिलं. तिलाही वाट्याचे मासे आठवत होते.

सकाळी भाई किनाऱ्यावर गेले. तिथवर चालत जाताना त्यांना कुणी काही बोललं नाही, यावरूनच त्यांना कळलं की प्रीतमने बातमी पोचवली आहे. रापणकर दोर टाकून जवळ आले. कुणीतरी त्यांना बसायला होडीतली फळी आणली. ज्या तोंडांतून आजवर टोमणे आले, त्यांतून आता "भाई, कसा वाटता?" असं मऊसूत काहीतरी येऊ लागलं, आणि भाईंना टोमण्यांची आठवण येऊ लागली.

शिवा मांगरात होता. भाईंना बघून तो धडपडत उठला.

"भाई! तुमी कशाक इलात? माका बोलवूक नाय?"

"शिवा, तुका एक सांगूचा होता."

"बसा आधी." त्याने जाळ्याची गुंडाळी पुढे सारली. "काय ता सांगा."

भाई बसले. काय सांगायचं ते त्यांनी रात्री घोकलं होतं. मात्र त्या घोकण्यात शिवाचा चेहरा नव्हता. तो समोर आला आणि शब्द एकमेकांत अडकले.

"शिवा, तुझ्या छातीत... काय होता काय कधी?"

शिवा हसला. मग आपलं हसणं बरं दिसत नाही असं वाटून त्याने ते आवरलं. भाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घाबरू नका भाई. मी तुमका म्हणान सांगतंय, घरात बोलाक नाय. माझ्याय छातीत मधीमधी पेडवे उडतत. जाळा भायर काढल्यावर ही बारकी मासळी कशी फडफडता, तशे. घटकाभर उडतत आणि गप रवतत. मेलंय काय मी? तुमचेय गप रवतले."

आता संशयाला जागा राहिली नाही. घड्याळ, मुंबई आणि स्वतः शिवा, तिघांनी एकच सांगितलं होतं. भाईंनी तोंड उघडलं. 'ते माझे नव्हेत, तुझेच आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचं म्हणावं लागलं असतं.

"फाल्या कणकवलेक माझ्यावांगडा येशीत?" त्यांच्या तोंडून निघालं. "सोबतीक."

"येतलंय तर! इचारूचा काय तेच्यात?"

परत येताना भाईंनी ही युक्ती मनातल्या मनात घासूनपुसून घेतली. शिवा सोबतीला म्हणून येईल. डॉक्टर आपल्याला तपासतील. मग आपण सहज म्हणू, "डॉक्टर, आलाच आहे तर ह्याचंही बघा." शिवाचं दुखणं सापडेल, औषध मिळेल. दीपिका म्हणेल, "बाबांना स्वतःच्या आजारातही दुसऱ्याची काळजी." योजनेत खोट नव्हती. एकाच दिवसाचा तर प्रश्न होता. घरी येऊन विमलाला त्यांनी "सांगितलं" एवढंच सांगितलं, आणि त्या दिवशी ते तिच्यासमोर फारसे आले नाहीत.

दुपारी रापण संघाकडून सरंगा आला. दोराला हात न लावता आलेला वाटा. घेऊन शिवाच आला होता. रणरणत्या उन्हात, चालत. पायऱ्यांशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. खांबाला हात टेकून तो जरा थांबला.

"मोठो गावलो. म्हटला, भाईंक जावंदे."

विमलाने मासा हातात घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. शिवाचा चेहरा हसरा आणि निर्धास्त होता. सांगितल्याचं कुठलंही चिन्ह त्यावर नव्हतं. तो गेल्यावर तिने तो सरंगा चिरला नाही. शेजारी देऊन टाकला. भाईंना त्या दिवशी डाळभात मिळाला आणि त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपिका पोचली. रात्रभराच्या प्रवासाने चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. तिने भाईंच्या गालाला हात लावला आणि तिचे डोळे भरून आले. भाईंच्या अंगावर अशी नजर यापूर्वी कुणी टाकली नव्हती. त्यांना ती पेलवेना.

"आधी देवळात जाऊन येऊ," ती म्हणाली. "गावाने गाऱ्हाणं घालायचं ठरवलंय म्हणे तुमच्यासाठी."

रवळनाथाच्या देवळात रापणीतली सगळी माणसं जमली होती. बायका एका बाजूला, त्यांत शिवाची बायको लक्ष्मी. प्रीतमने गाडी बाहेर सुरू करून ठेवली होती. भाईंनी आत शिरताच शिवाला गाठलं.

"चल, गाडी तयार आसा."

"भाई, माका जमाचा नाय आज." शिवा ओशाळून म्हणाला. "गाडयेत तुमी, वयनी, दीपिकाबाय. माझी अडचण कशाक? आणि दर्यात मासळी लागली हा, दोराक माणसा कमी. आधी तुमचा गाऱ्हाणा होवंदे, मगे मी जातंय ओढूक."

"नको जाव, शिवा."

"भाई, तुमी काळजी करू नका. मी देवाक सांगलंय."

एवढ्यात गावकर पुढे आले. गावाच्या वतीने देवाशी बोलण्याचा मान त्यांचा. बोलण्यात ते फार चोख. नाव, घर, वाडी, दुखणं, सगळं स्वच्छ सांगत. मागे एकदा नाव घेण्यात घोटाळा झाला आणि ज्याला मुलगा हवा होता त्याची हरवलेली म्हैस परत आली, असं सांगतात. तेव्हापासून ते पत्त्यात चूक होऊ देत नसत. भाईंनी देवापुढे नारळ ठेवला. गावकरांनी डोळे मिटले. मागे सगळ्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आयज ह्यो तुझो लेकरू, तोंडवळीच्या मयेकरांचो भाई, तुझ्या पायांकडे इलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या काळजाचो ठोको चुकता म्हणान मुंबयच्या घड्याळान सांगल्यान हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या सगळ्या आवाजांत एक आवाज मोठा होता. होडीवरून किनाऱ्यापर्यंत पोचणारा. भाईंनी मान वळवून पाहिलं. शिवा डोळे घट्ट मिटून, कपाळाच्या शिरा ताणून भाईंचं काळीज मागत होता. ते आटोपलं की तो दोराला जाणार होता.

"तर ह्या भाईच्या काळजात जी काय इडापिडा आसात, ती येशीच्या भायर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हाराजा, ह्या काळीज माझा न्हय!" भाई ओरडले.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. डोळे मिटलेले होते आणि जीभ सवयीची होती.

"घड्याळ माझ्या हातात नव्हताच!"

"व्हय म्हाराजा!"

"रापण मी कधी ओढूकच नाय! घड्याळ शिवाच्या हातात होता! ठोके शिवाचे चुकतत!"

यावेळी होकार विरळ आला. एकेकाचे डोळे उघडत गेले तसे आवाज गळत गेले, आणि शेवटी एकच राहिला.

"व्हय म्हाराजा!" शिवा म्हणाला, मनापासून.

 बाहेर प्रीतमची गाडी तेवढी गुरगुरत होती.

गावकरांनी डोळे उघडले. "भाई, गाऱ्हाण्यात मधी बोलाचा नसता."

"नाव बदला म्हाराजा."

"नारळ कोणाचो?"

"माझो."

"आणि गुण येवचो तो शिवाक?"

"व्हय."

गावकरांनी क्षणभर विचार केला. धर्माला बाध येत नाही असं त्यांना दिसलं असावं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! मयेकरांच्या भाईन लबाडी केल्यान हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. आधीच्या कुठल्याही होकारापेक्षा हा जोरदार होता.

शिवा आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघत होता. "म्हणजे ते गुदगुले..." तो पुटपुटला.

लक्ष्मी बायकांतून वाट काढत दीपिकापाशी आली. "काय झाला माझ्या घोवाक? नीट सांग माका."

आल्यापासून मुंबईचं मराठी बोलणारी दीपिका तिला मालवणीत सगळं सांगू लागली. वडिलांकडे तिने पाहिलं नाही. सांगून झाल्यावरही पाहिलं नाही.

"माका कायएक झाला नाय," शिवा म्हणाला. "दोर खोळंबलेत."

"दोर ओढूक गाव आसा," लक्ष्मी म्हणाली. "बस गाडयेत. बस म्हणतंय ना!"

गाडीत जागा कमी पडत होती. भाईंनी मोठ्या मनाने आपली जागा देऊ केली.

"तुमी जातल्यात," विमला म्हणाली आणि स्वतः मागे राहिली.

कणकवलीच्या दवाखान्यात शिवाला सदरा काढून निजवलं आणि छातीला, हातापायांना तारा चिकटवल्या. लोकांसमोर उघडाबंब वावरलेला तो गडी नर्ससमोर मात्र लाजून चूर झाला. यंत्रातून कागदाची पट्टी आली. दीपिकाने आपल्या फोनवरची घड्याळाची नोंदही डॉक्टरांसमोर धरली.

"इथं नाव मयेकर दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पेशंट केळुसकर ना?"

"नाव चुकीचं आहे," दीपिका म्हणाली. "ठोके ह्यांचेच आहेत."

डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. घड्याळाचा संशय खरा होता. त्यांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लिहिल्या, ठोके आवरायची दुसरी गोळी लिहिली, सोनोग्राफी करायला सांगितलं आणि दोर ओढणं बंद केलं. पुढे बघू म्हणाले. "नशीब, अजून काही घडलेलं नाही. अगदी वेळेत आणलंत."

सोनोग्राफीसाठी शिवाला आत नेलं. दीपिका औषधं आणायला गेली. बाहेर ओळीने खुर्च्या होत्या. लक्ष्मी एकीवर बसली होती, शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी. भाई भिंतीला टेकून उभे होते. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा भाई."

भाई बसले.

"तुमचेर राग इलो होतो माका देवळात," लक्ष्मी म्हणाली. "वाटेत इचार केलंय. लबाडी केलात ती केलात. पण ता घड्याळ तेच्या हातात नसता तर आमका कसा कळला असता? ह्यो माणूस कधी बोलाचो नाय. दोरार पडलो असतो खंयतरी. डॉक्टरय म्हणाले, वेळेत आणलात. तुमचे उपकारच म्हणाचे."

तिने पदराने डोळे पुसले. भाईंना समोर एक सोपी वाट दिसली. मान डोलवायची. "अगो, उपकार कसले," एवढं म्हणायचं. गावात परत जाईपर्यंत लक्ष्मीनेच हे चार जणांना सांगितलं असतं, आणि घड्याळ मुद्दाम दिलं होतं की काय असंही कुणीतरी म्हटलं असतं.

"लक्ष्मी," भाई म्हणाले, "माका परवा सांजेकच कळला होता."

तिला ते पटकन उमगलं नाही. "काय ता?"

"ठोके शिवाचे म्हणान. परवा चेडवाचो फोन इलो तेव्हाच कळला. काल मांगरात गेलंय तेका सांगूक. तेना माका सांगल्यान, छातीत पेडवे उडतत. तरीय मी बोलाक नाय."

"काल?" लक्ष्मी म्हणाली. "काल तो तुमका सरंगो घेवन इलो."

"व्हय."

"उन्हातसून."

"व्हय."

"आणि आज दोराक जातलो होतो."

 लक्ष्मी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समोरच्या बंद दाराकडे बघत होती. मग तिने हाताने भाईंना उठायची खूण केली, घरात पाटावर बसलेल्या मांजराला करतात तशी. भाई उठले. तिने मांडीवरची पिशवी परत खुर्चीवर ठेवली.

दार उघडलं. नर्सने डोकं बाहेर काढून विचारलं, "केळुसकरांबरोबर कोण आहे?"

"मी आसंय," लक्ष्मी म्हणाली आणि पिशवी तिथेच ठेवून आत गेली.

रांगेतल्या बाकीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दीपिका औषधं घेऊन आली तेव्हा भाई त्या खुर्च्यांसमोर उभे होते.

"बसा ना बाबा," ती म्हणाली. देवळानंतर त्यांच्याशी तिचा हा पहिला शब्द.

"नको," भाई म्हणाले. "तुकाय एक सांगूचा आसा."